रात्री रुळांवर, दिवसा झोपायचे कुठे?

गेल्या पंधरवड्यात या सदरासाठी एक पत्र आले. वहीच्या दोन पानांवर पाठपोट लिहिलेले हे पत्र एका गृहिणीचे आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते देत नाही. मजकूर असा:

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरामागे चार खोल्या रिकाम्या आहेत. रेल्वेलाइनच्या कामावरची बारा माणसे राहायला जागा मागत आहेत. ती रात्री नऊला कामाला जाणार आणि सकाळी सातला परत येणार. सासूबाई म्हणतात, दिवसाढवळ्या झोपणारी माणसे दारात नकोत, घराला अवदसा येते. आमचे हे म्हणतात, भाडे चांगले आहे, देऊन टाकू. मला एवढेच विचारायचे आहे की, त्यांच्यापासून आम्हाला किंवा आमच्यापासून त्यांना काही आजाराची भीती आहे का? आणि सोय काय काय करावी लागेल?"

"आमच्यापासून त्यांना" हे दोन शब्द वाचून मी थांबलो. भाडेकरूंमुळे आपल्याला काही होईल का, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. आपल्यामुळे त्यांना काही होईल का, असे विचारणारे घरमालक मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. म्हणून आजचा सगळा लेख याच पत्राच्या उत्तरासाठी.

सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. निरोगी माणसाने दुपारी पोटभर जेवून ताणून देऊ नये, हे आयुर्वेदाने सांगितलेलेच आहे. पण त्याच आयुर्वेदाने अपवादही सांगितला आहे. ज्याला रात्री जागावे लागले, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, जागरणाच्या निम्मा वेळ, उपाशीपोटी झोपावे, असा वाग्भटांचा अष्टांगहृदयातला सल्ला आहे. म्हणजे रात्रभर राबून आलेल्याचे दिवसा झोपणे हा आळस नव्हे, हे आपल्या जुन्या वैद्यांनाही मान्य होते. वाग्भटांशी माझा मतभेद फक्त दोन ठिकाणी आहे. निम्मा वेळ पुरत नाही. आणि अगदी उपाशीपोटी झोपायला मी सांगणार नाही, कारण वाग्भटांचा रुग्ण रात्रभर खडी उपसून आलेला नसावा.

आता तुम्ही म्हणाल, ही कामे रात्रीच का करायची? रुळावर काम करायचे तर त्या रुळावरून गाडी जाता कामा नये. दिवसा गाड्यांची रीघ लागलेली असते. म्हणून रेल्वे ठरावीक तासांसाठी तेवढा मार्ग बंद ठेवते. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. मुंबईत तर शेवटची लोकल गेल्यानंतर पहाटेची पहिली लोकल सुटेपर्यंत जे काही तीन-साडेतीन तास मिळतात, त्यातच रूळ बदलायचे, खडी भरायची, तारा ओढायच्या. याखेरीज कडाक्याच्या थंडीत रूळ आकसतात, सांधे तडकतात, म्हणून रात्री गस्त घालणारे गँगमन असतात. कागदोपत्री आता त्यांना 'ट्रॅक मेंटेनर' म्हणतात. तोंडात अजून गँगमनच आहे. पावसाळ्यात हीच गस्त वाहून गेलेली खडी आणि कोसळलेली दरड पाहण्यासाठी असते. आपण बर्थवर घोरत असतो तेव्हा खाली कोणीतरी कंदील किंवा बॅटरी घेऊन चालत असतो.

यांच्यापैकी रेल्वेच्या कायम नोकरांना बहुधा क्वार्टर असते. रूळ सारखे करणाऱ्या मोठ्या यंत्रांवरची माणसे कॅम्प कोचमध्ये, म्हणजे राहण्यासाठी बदल करून घेतलेल्या डब्यांत, यार्डाच्या कडेला राहतात. आणि दुहेरीकरण, विद्युतीकरण, पूल यांसाठी ठेकेदाराने आणलेली माणसे? ती जिथे जागा मिळेल तिथे. पत्र लिहिणाऱ्या ताईंकडे आलेली बारा माणसे बहुधा यांतलीच असावीत.

या माणसांच्या झोपेकडे मी स्वतः किती उशिरा पाहिले, ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळ रेल्वेच्या दुहेरीकरणाचे काम चालू होते. चैत्र-वैशाखाचे दिवस. एका आठवड्यात त्या कामावरची सहा-सात माणसे दवाखान्यात आली. कोणाला पित्त, कोणाचे डोके ठणकते, कोणाला चक्कर, कोणाला मलावरोध. बहुतेकांची मागणी एकच: "साहेब, ताकदीची सलाइन लावा." मी पित्ताच्या गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणालो, आणि शेवटी नेहमीचे वाक्य टाकले, "झोप नीट घ्या." कुठे झोपता, असे एकालाही विचारले नाही.

त्यांत झारखंडचा एक तरुण होता, असेल बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला सर्दीही होती. मी सर्दीची नेहमीची गोळी लिहून दिली, जी खाऊन गुंगी येते. तो रात्री कामाला जातो, हे केसपेपरवर मीच लिहिलेले होते. चार दिवसांनी पहाटे साडेचारला त्याला टेम्पोत घालून माझ्याकडे आणले. रूळ उतरवताना बाकीच्यांनी "छोड" म्हटले आणि याचा पाय एक क्षण उशिरा मागे आला. उजव्या पायाची दोन बोटे गेली. गोळीमुळे गेली की जागरणामुळे, हे मी आजही सांगू शकणार नाही. मुकादम मात्र म्हणाला, "साहेब, तो तीन दिवसांत मिळून आठ तास झोपला असेल. झोपणार तरी कुठे?"

त्या दिवशी दुपारी मी त्यांची राहण्याची जागा पाहायला गेलो. माळावर पत्र्याची एक लांबलचक शेड, एकही झाड नाही. एकवीस माणसे. शेजारी डिझेलचे जनित्र घुमत होते. दाराशी चूल. दुपारी अडीचला बाहेर सावलीत थर्मामीटर ४० अंश दाखवत होता, शेडमध्ये ४४. काही जण शेडच्या बाहेर, सावली सरकेल तसे सरकत, पोत्यावर पडले होते. दिवसपाळीवाले आणि रात्रपाळीवाले एकाच शेडमध्ये. एकाची भाकरी थापायची वेळ ती दुसऱ्याच्या झोपेची वेळ. एका पथारीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा, असाही प्रकार होता. ठेकेदाराच्या माणसाला विचारले तर म्हणाला, "जागा दिली आहे ना डॉक्टर, पंखेपण आहेत." पंखे होतेच; ते ४४ अंशांची हवा फिरवत होते.

इथे थोडे शरीराच्या घड्याळाविषयी सांगतो. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि ते मुख्यतः उजेडावर चालते. या घड्याळाचे काम पेशींच्या आत कसे चालते, याच्या शोधाला २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे तीन ते पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते. तीच गाढ झोपेची वेळ, आणि तीच रात्रपाळीवाल्याच्या हातून चूक होण्याची वेळ. सकाळी उजेड डोळ्यांवर पडला की घड्याळ म्हणते, चला उठा. नेमका त्याच वेळी हा माणूस झोपायला निघालेला असतो. त्यामुळे सगळ्या सोयी असूनही दिवसाची झोप रात्रीपेक्षा दोन-एक तासांनी कमी भरते, तुटक असते. आणि "होईल सवय" हे म्हणणे बव्हंशी खोटे आहे. रोज सकाळी घरी परतताना डोळ्यांवर ऊन पडते आणि सुटीच्या दिवशी माणूस पुन्हा रात्री झोपतो, म्हणून घड्याळ पुरते उलटे कधी फिरतच नाही.

जागरणाचा परिणाम किती होतो? ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा बोलका आहे. सलग सतरा तास जागलेल्या माणसांची हात आणि डोळ्यांचा मेळ घालण्याची क्षमता, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरली. चोवीस तास जागल्यावर ती सुमारे ०.१० टक्क्यांइतकी खाली गेली. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूचे प्रमाण ०.०३ टक्क्यांच्या वर गेले की गुन्हा होतो. म्हणजे दिवसभर पत्र्याखाली तळमळून रात्री नऊला कामावर गेलेला माणूस पहाटे चारला जवळजवळ प्यालेलाच असतो. फरक एवढाच की त्याच्या तोंडाला वास येत नाही, म्हणून मुकादम त्याला परत पाठवत नाही.

झोप किती बळजोर असते, याचे आपल्या राज्यातले उदाहरण विसरता येण्यासारखे नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळकडे निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. ते रेल्वेचे कामगार नव्हते. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता, असे तेव्हा सांगितले गेले. पण रात्रभर चाललेल्या माणसाला पहाटे पाचच्या सुमारास लागणारी झोप कोणत्या जागी लागते आहे, हे पाहत नाही. रात्रपाळीचा कामगार पाच मिनिटे टेकतो म्हणून रुळाच्या कडेला बसतो, तेव्हा मला ते आठवते.

चुकीची किंमत नेहमी त्या माणसालाच मोजावी लागते असेही नाही. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांची टक्कर होऊन पस्तीस माणसे मेली. सिग्नलच्या कामात एक जुनी तार मोकळी राहिली होती. चौकशीत निघाले की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला त्याआधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती. त्यानंतर तिथे पाळी बारा तासांहून लांब नको आणि दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची विश्रांती हवी, असे दंडक घातले गेले.

दुसरी घटना मुक्कामाच्या सोयीशी थेट जोडलेली आहे. जून २०१३ मध्ये इंग्लंडमध्येच रेल्वेच्या वेल्डिंगचे काम करणारे दोघे कामगार रात्रीचे काम संपवून पहाटे व्हॅनने लांबवरच्या मुक्कामी परत निघाले. वाटेत व्हॅन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकवर आदळली. दोघेही गेले. ज्याच्याकडे ते कामाला होते त्या कंपनीला पुढे २०२० साली न्यायालयाने साडेचार लाख पौंडांचा दंड केला, कारण माणसे थकून गाडी चालवणार नाहीत, हे पाहणे कंपनीचे काम होते. ज्यांना मुक्कामाची सोय हा फालतू खर्च वाटतो त्यांनी हा आकडा पाहावा. आपल्याकडे सकाळी साडेसहाला कामावरून मोटारसायकलने वीस-पंचवीस किलोमीटर जाणारी माणसे मी रोज पाहतो, एकेका गाडीवर तिघे.

रेल्वेला यातले काही ठाऊक नाही असे समजू नका. गाडी चालवणाऱ्यांसाठी मोठ्या स्टेशनांवर रनिंग रूम असते. मी एका ओळखीच्या लोको पायलटबरोबर एकदा तिथे गेलो होतो. दिवसा अकरा वाजता आत अंधार, गारवा, जाड पडदे, प्रत्येकाला स्वतंत्र पलंग, धुतलेली चादर, स्वयंपाक्याच्या हातचे गरम जेवण. सगळे कुजबुजत बोलतात. कारण पलंगावरचा माणूस संध्याकाळी हजारभर प्रवाशांना घेऊन निघणार असतो. मग मनात येते, ज्या रुळांवरून तो त्यांना नेणार, ते रूळ घट्ट बसवणाऱ्याच्या झोपेची किंमत कमी का? १९९६ साली झालेल्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने कामाच्या जागी किंवा जवळ कामगारांना तात्पुरते घर फुकट द्यावे, त्यात स्वयंपाक, स्नान, धुणे आणि शौचाची वेगळी सोय असावी, अशी जबाबदारी मालकावर टाकली होती. पण छप्पर म्हणजे घर आणि घर म्हणजे झोप, असे धरून चालले की माळावरची शेडही कायद्यात बसते.

आमच्या गावात पुढे काय झाले ते सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. रेल्वे कॉलनीत एक निवृत्त काका राहतात. ते तरुणपणी कॉल बॉय होते. ड्रायव्हर-गार्डला घरी किंवा रनिंग रूममध्ये जाऊन उठवायचे आणि वहीवर सही घ्यायची, हे कॉल बॉयचे काम. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, काका अजून गार्डच म्हणतात.) मी त्यांना शेडची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "डॉक्टर, त्यांना पत्रा नको, दगड पाहिजे." स्टेशनजवळ चुन्या-दगडाची जुनी धर्मशाळा वापराविना पडून होती. भिंती दीड-दीड हात जाडीच्या. त्याच आठवड्यात भर दुपारी मी तिथे थर्मामीटर लावला, ३३ अंश.

यातले शास्त्र साधे आहे. पत्रा उन्हात लगेच तापतो आणि रात्री लगेच निवतो. म्हणून पत्र्याचे घर रात्री झोपणाऱ्याला कसेबसे परवडते. जाड दगडी किंवा मातीची भिंत दिवसभर उष्णता हळूहळू शोषते आणि ती आतपर्यंत पोहोचेतो संध्याकाळ होते. रात्री अशा घरात उकडते, पण रात्रपाळीवाला तेव्हा घरात नसतोच! म्हणजे ज्या जुन्या घराला आपण उकडते म्हणून नावे ठेवतो ते या माणसांना सोयीचे असते.

विश्वस्त मंडळी तयार झाली. ठेकेदाराचा माणूस आधी नाही म्हणाला. मग बोटे गेलेल्या मुलाच्या उपचाराचा आणि थांबलेल्या कामाचा हिशेब काकांनी त्याच्यासमोर मांडला. फक्त रात्रपाळीची तेरा माणसे धर्मशाळेत आली. उठवण्याचे काम काकांनी आपण होऊन घेतले. ज्याची वेळ झाली त्याच्याच खांद्याला हात लावायचा, मोठ्याने हाक मारायची नाही, ही त्यांची जुनी शिस्त. पुढच्या दीड महिन्यात त्या तेरांपैकी सलाइन मागायला कोणी आले नाही. पित्ताला दोघे आले. दोघांनाही मी आधी विचारले, "झोपतोस कुठे?" झारखंडचा मुलगा तोवर गावी गेला होता.

आता ताई, तुमच्या खोल्यांकडे वळू.

चार खोल्यांत बारा माणसे म्हणजे खोलीला तीन. दहा बाय बाराच्या खोलीत तिघे ठीक. चौथा आला तर नको म्हणा, भाडे वाढवून दिले तरी. प्रत्येकाचे अंथरूण-पांघरूण वेगळे हवे. पुढे कधी दिवसपाळीची माणसे आली तर त्यांची खोली वेगळी ठेवा; दोन पाळ्या एका खोलीत घालू नका. एका पथारीवर पाळीपाळीने दोघे झोपले की खरूज हमखास, आणि सर्वांना एकदमच.

खोलीत अंधार करा. खिडकीला जाड काळा कपडा किंवा दुपदरी गोधडी चालते. पण झडपा ठोकून बंद करू नका. वारा खेळला पाहिजे. आणि बंद खोलीत शेगडी, चूल किंवा जनित्र कदापि नको. कोळशाच्या धुरातला विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच संपवतो. थंडीच्या दिवसांत ऊब म्हणून घमेल्यात निखारे आत नेण्याची खोड काहींना असते. पहिल्याच दिवशी बजावून सांगा. स्वयंपाक पडवीत किंवा वेगळ्या आडोशाला. छत पत्र्याचे असेल तर वर उसाचे पाचट किंवा गवत अंथरून बांधा, नाहीतर चुन्याचा पांढरा हात मारा. बराच फरक पडतो. पाचट टाकले तर चूल त्यापासून लांब.

मच्छरदाणी द्या, आणि ती दिवसाच वापरायला लावा. हे ऐकून पुष्कळांना हसू येते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी जास्त. म्हणजे आपण सगळे हिंडते-फिरते असताना हा माणूस त्याच्यापुढे निपचित पडलेला असतो. तुमच्या अंगणातली पाण्याची टाकी, पिंप, रांजण झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. आमच्यापासून त्यांना कसली भीती, असे तुम्ही विचारले होतेत, ती ही.

संडास खोल्यांच्या जवळ हवा. ज्या माणसाला भर उन्हात लांब जावे लागते तो पाणीच कमी पितो. रात्रभर घाम गाळून वर पाणी कमी, म्हणजे मुतखड्याला आमंत्रण. प्रत्येक खोलीत माठ ठेवा.

त्यांच्यापासून तुम्हाला काय भीती, तर खरे सांगायचे म्हणजे फारशी नाही. कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायला सांगा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. थंडी वाजून ताप आला तर हिवतापासाठी रक्त तपासावे. हे नियम तुमच्या घरच्यांनाही तेवढेच लागू आहेत.

त्या बारा जणांनाही चार गोष्टी सांगा. मोठे जेवण कामाला जाण्यापूर्वी, आठच्या सुमारास करावे. मध्यरात्री हलके काही: चपाती-भाजी, केळे, शेंगदाणे. चहा रात्री दोनपर्यंत. त्यानंतरचा चहा सकाळच्या झोपेत खोडा घालतो. परतताना डोक्याला टोपी किंवा गमछा पुढे ओढून घ्यावा, म्हणजे उजेड डोळ्यांवर कमी पडतो. आल्यावर अंघोळ, थोडे खाणे, आणि साडेआठच्या आत अंथरुणावर. एकदम सात तास झोप झाली नाही तर सकाळी पाच आणि संध्याकाळी सहाच्या आसपास दीड, अशी दोन हप्त्यांत घेतली तरी चालते. झोप यावी म्हणून दारू घेणारे पुष्कळ आहेत. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण दोन-तीन तासांत तो उघडतोही, आणि मग उरलेला दिवस तळमळत जातो. आणखी एक: फोन. गावाकडे बायकोला, आईला वाटते, दुपार झाली, निवांत असेल. पाच वाजताची वेळ ठरवून घ्यावी आणि तोपर्यंत खोलीतला एकच फोन चालू ठेवावा, निकडीसाठी.

ज्यांना फिट येतात, त्यांनी रात्रपाळी घेण्यापूर्वी डॉक्टरला विचारलेच पाहिजे. जागरणाने फिट येण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या रुग्णांनी गोळ्यांच्या आणि इन्शुलिनच्या वेळा बदलून घ्याव्यात. आणि कोणत्याही दवाखान्यात गेले तरी पहिले वाक्य "मी रात्री काम करतो" हे असावे. डॉक्टरने सर्दीची गोळी लिहिली तर झोप येते का, हे विचारावे. मला कोणी विचारले नव्हते, आणि मी सांगितले नव्हते.

जाण्या-येण्याची सोय ठेकेदाराकडून लिहून घ्या. तुमचे घर कामापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर उत्तम. गाडी त्याची, आणि चालक रात्री झोपलेला. सकाळी स्वतःच्या मोटारसायकलीवर आलेला कामगार तुमच्या दारात पोहोचला म्हणजे पोहोचला. रोज पोहोचेलच असे नाही.

राहिला आवाजाचा प्रश्न. शेजाऱ्यांना एकदा जाऊन सांगा की या खोल्यांत माणसे रात्री काम करून येतात. बहुतेक लोक ऐकतात, विचारले मात्र पाहिजे. पोरांचे क्रिकेट दुसऱ्या अंगाला हलवा. बोअरची मोटर आणि मिक्सर सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर लावा. कपडे आपटायचा दगड त्या खिडक्यांच्या खाली असेल तर तो सरकवा. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून हे वेळापत्रक त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. घरात कोणत्या वेळी काय आवाज होतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

पत्राच्या ताज्या कलमात ताईंनी विचारले आहे की, माणसे सकाळी सातला दमून येतात, तर त्यांना चहा करून द्यावा का. सकाळी नको. कोमट दूध किंवा पेज द्या. चहा चार वाजता, उठल्यावर.